पुण्याहून गुहागरला, दोन मांजरांसह महिनाभर

पत्र: नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. घरात दोन मांजरं आहेत. सोनी सहा वर्षांची, देशी, पावणेचार किलोची. गबरू दीड वर्षाचा पर्शियन बोका, पाच किलोचा. दोघांचीही नसबंदी झाली आहे. यंदा डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर गुहागरजवळ सासरच्या घरी राहायचं ठरतंय. घर जुनं, कौलारू, वर्षातले दहा महिने बंद. कारनं जाणार मी, नवरा आणि सासूबाई. सोनीला डॉक्टरांकडे न्यायचं तरी तिच्या ओरडण्यानं सोसायटी जागी होते. गबरू गाडीत लाळ गाळतो. नवरा म्हणतो, पिंजऱ्यात कोंडण्यापेक्षा मांडीवर घेऊन बसू. सासूबाई म्हणतात, झोपेची गोळी द्या आणि तिकडे वाडीत मोकळी सोडा, गावात सगळ्यांची मांजरं फिरतातच. की इथेच कोणाकडे ठेवावीत? निघायला अजून सहा आठवडे आहेत.

उत्तर: ताई, चार-पाच दिवसांसाठी जाणार असतात तर नेऊ नका असंच सांगितलं असतं. नव्या जागेत सावरायलाच मांजराला तेवढे दिवस लागतात. त्यापेक्षा रोज दोनदा घरी येऊन खाणं आणि लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) बघणारा विश्वासाचा माणूस बरा. महिन्याचा मुक्काम आहे, तेव्हा न्या. मात्र तुमच्या पत्रात काळजी बरीचशी रस्त्याची आहे, आणि आमच्या मते रस्ता हा सोपा भाग आहे. जपायचं आहे ते त्या कौलारू घरात.

आधी मांडीचं निकालात काढू. घाबरलेलं मांजर अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरतं आणि कारमध्ये अशी जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायापाशी, ब्रेकच्या खाली. टोलनाक्यावर काच खाली झाली की बाहेर उडी. जोरात ब्रेक लागला तर पाच किलोचा गबरू तुम्हाला हातांनी धरून ठेवता येणार नाही. पुढच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर तर नकोच, समोर एअरबॅग असते. दोघांना दोन वेगळे कॅरियर घ्या. घरी एकमेकांच्या अंगावर झोपणारी मांजरंही घाबरली की शेजारच्यावरच तुटून पडतात, आणि तो राग नंतर आठवडाभर टिकू शकतो.

कॅरियर कडक प्लास्टिकचा, वरचा अर्धा भाग क्लिपा काढून सुटा होणारा असावा. मांजराला आत उभं राहता आणि वळता आलं पाहिजे, त्याहून फार मोठा नको, नाहीतर वळणावर ते आत घसरत राहतं. सोनीला साधारण 48 सेंटिमीटर लांबीचा पुरेल, गबरूला 55च्या आसपासचा लागेल. कापडी, चेनवाले टाळा. घाबरलेलं मांजर नखानं चेन सरकवतं. निघायच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या जोडाला केबल टाय लावा आणि छोटी कात्री हाताशी ठेवा. आत अंथरायला मेडिकलमध्ये रुग्णांसाठी मिळणारे 60 बाय 90 सेंटिमीटरचे अंडरपॅड आणा. एक पॅड, त्यावर जुनं सुती कापड, पुन्हा पॅड, पुन्हा कापड, असे तीन थर रचा. मांजरानं घाण केली की वरचा थर गुंडाळून काढायचा, खाली कोरडा तयार असतो.

आता सहा आठवडे. सोनी डॉक्टरकडे जाताना ओरडते, कारण कॅरियर दिसला की सुई टोचते एवढंच तिला ठाऊक आहे. तो माळ्यावरून आजच काढा, वरचा भाग सुटा करून हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, आत तिची वापरलेली चादर घाला. पहिला आठवडा रोजचं जेवण त्यातच. दुसऱ्या आठवड्यात वरचा भाग लावा, दार उघडंच. मग जेवताना दार एक मिनिट लावायचं, नंतर पाच, नंतर पंधरा. तिसऱ्यात बंद कॅरियर उचलून घरभर फिरवा. उचलताना हँडलला लोंबकळवू नका, खालून दोन्ही हातांनी धरा, झोका मांजराला सहन होत नाही. चौथ्या आठवड्यात उभ्या गाडीत बसवा, मग इंजिन चालू करून. पाचव्यात दोन किलोमीटरची फेरी. सहाव्याच्या आधी एकदा कात्रजचा जुना घाट चढून-उतरून या. हे चुकवू नका. गबरूची लाळ भीतीची आहे की गाडी लागण्याची, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. वळणांवर लाळेच्या तारा, ओठ चाटणं, मग उलटी, असा क्रम दिसला तर त्याला गाडी लागते. तसं डॉक्टरांना सांगा. त्यावर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, डोस ते वजनावर ठरवतात.

सासूबाईंची झोपेची गोळी नको, पण औषधच नको असंही नाही. पूर्वी सर्रास दिली जाणारी एसप्रोमाझिन अंग लुळं करते, भीती तशीच राहते. आजकाल डॉक्टर बहुधा गॅबापेंटिन देतात. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण 50 ते 100 मिलीग्रॅम, निघायच्या दोन ते तीन तास आधी. नेमका डोस तुमच्याच डॉक्टरांनी ठरवायचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो कमी लागतो. दुकानातून आपल्या मनानं आणू नका. माणसांसाठीच्या पुष्कळ गोळ्यांत गॅबापेंटिनसोबत मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन मिसळलेलं असतं. निघण्याच्या आठवडाभर आधी, सुटीच्या दिवशी घरीच एक डोस देऊन बघा. चाल थोडी डगमगते, ते अपेक्षित आहे. त्या दिवशी उंच जागी चढू देऊ नका. पहाटे पाचला निघणार असाल तर अडीचचा गजर लावावा लागेल, इलाज नाही. कॅप्सूलमधली पूड कडू असते, चमचाभर ओल्या खाण्यात कालवा. आणि औषधांचा विषय निघालाच आहे तर, पॅरासिटामॉल मांजराला कधीही नको. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

कागदपत्रं फारशी नाहीत. रेबीज आणि तिहेरी लसीच्या नोंदींचं पुस्तक आणि दोघांचे पूर्ण अंगाचे स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा. लस राहिली असेल तर आताच घ्या, गावातल्या भटक्या मांजरांकडून पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा विषाणूजन्य आजार येतो. गळ्यात मोबाइल नंबर लिहिलेला, अडकल्यास आपोआप सुटणारा पट्टा घाला. मायक्रोचिप असली तर उत्तमच, पण गावात ती वाचायचं यंत्र सापडेल या भरवशावर राहू नका. पिसवा-गोचिडांचं मांजरांसाठीचं औषध चार दिवस आधी मानेवर लावा. कुत्र्यांसाठीच्या पर्मेथ्रिनवाल्या औषधाचा थेंबही नको.

निघायचा दिवस. नाताळच्या आठवड्यात आणि शनिवारी निघू नका. मधला वार पकडा. आदल्या रात्री दहाला शेवटचं जेवण, शक्यतो ओलं, म्हणजे पाणीही पोटात जातं. सकाळी औषधापुरता चमचाभर सोडला तर पोट रिकामं. रस्ता उंब्रज, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण असाच धरा. ताम्हिणीतून माणगाव-महाडमार्गे अंतर फारसं वेगळं पडत नाही, पण वळणं लवकर सुरू होतात. मांजराचा आरडाओरडा बहुधा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात असतो, शी-शूही तेव्हाच होते. तो वेळ सरळ महामार्गावर गेला आणि घाट शेवटच्या टप्प्यात आला तर ते निम्मं सुटल्यासारखं आहे.

दोन्ही कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत बसवा आणि पुढची सीट मागे सरकवून घट्ट दाबा. तिथे बसत नसेल तर सीटवर ठेवून पट्टा कॅरियरभोवतीनं घ्या. नुसत्या हँडलमधून ओवलेला पट्टा धक्क्याला टिकत नाही. गबरूला ड्रायव्हरच्या मागे ठेवा. साताऱ्याकडे जाताना सकाळचं ऊन डाव्या बाजूनं येतं. तिन्ही बाजूंनी पातळ पंचा टाका, दाराची बाजू उघडी. डिकीत ठेवायचं नाही.

हिवाळा आहे म्हणून गाडी तापणार नाही, असं समजू नका. पुण्यात निघताना 12 अंश असतील, पण कोकणात डिसेंबरच्या दुपारीही पारा 30च्या वर जातो. बाहेर 30 असताना उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत आणखी दहा अंश चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. चपट्या नाकाच्या गबरूला धापा टाकून अंग थंड करणं देशी मांजरापेक्षा खूप अवघड जातं. म्हणून चहा-मिसळीला सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही, एकानं एसी चालू ठेवून गाडीत बसायचं. पुष्कळ गाड्यांना मागे एसीचा झोत नसतो, तेव्हा छोटा डिजिटल थर्मामीटर कॅरियरजवळ लटकवा. 24 ते 26 ठीक. तोंड उघडं ठेवून धाप दिसली तर थांबा, एसी वाढवा, पंचा काढा. पाच-दहा मिनिटांत श्वास शांत झाला नाही तर कान आणि पंजे साध्या पाण्यानं ओले करा, बर्फ नको, आणि दवाखाना गाठा. पहिल्या टप्प्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे चिपळुणात मांजरं बघणारे कोण डॉक्टर आहेत, ते रविवारी असतात का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात. 1962 ही हेल्पलाइनही बहुतांशी त्यांच्यासाठीच चालते.

थांबे दोन पुरेत. एक उंब्रजच्या आसपास, दुसरा हेळवाकला, घाट उतरायच्या आधी. सगळ्या काचा, सगळी दारं बंद असल्याशिवाय कॅरियरचं दार उघडायचं नाही. मोकळ्या मैदानात "जरा पाय मोकळे करू दे" म्हणून बाहेर काढायचं तर अजिबातच नाही. पाणी पुढे ठेवा, प्यायलं तर प्यायलं. ट्रे पुढे केला तरी बहुतेक मांजरं प्रवासात वापरत नाहीत. सात-आठ तास लघवी धरून ठेवणं त्यांना जड नाही. पोहोचल्यावर मात्र मोजा. 24 तास होऊनही गबरूनं केली नाही, किंवा ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय, तर बोक्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॅरियर पुसायला साधं पाणी आणि बिनवासाचे ओले टिश्यू. फिनेल, डेटॉल नको. अंगाला लागलेलं ती चाटतात आणि फिनॉल वर्गातली द्रव्यं त्यांच्या यकृताला निस्तरता येत नाहीत.

आता घर. यासाठी नवऱ्याला किंवा गावातल्या कोणा माणसाला चार-पाच दिवस आधी तिथे जायला सांगा, हे फोनवर होण्यासारखं काम नाही.

सर्वांत आधी उंदरांचं औषध शोधायचं. बंद घरात कोणीतरी ते टाकलेलंच असतं. माळ्यावर, कोठीमागे, चुलीच्या कोनाड्यात, भाताच्या कणगीखाली. वड्या, पूड, गोळ्या सगळं उचलायचं आणि मेलेले उंदीरही. रक्त न गोठू देणारी विषं खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरालाही बाधा होते, आणि ती दोन-चार दिवसांनी दिसते, तोवर कारण कोणाच्या लक्षात येत नाही. सासूबाईंना हे नीट सांगा. मांजर आलं की उंदीर जातील हा हिशेब त्यांच्या मनात असणार, पण महिनाभर सापळाच लावायचा, औषध नाही. जमीन साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या.

मग मांजरांची खोली ठरवा. कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वाश्यांच्या रांगेत हातभर फट असते. मांजर माळ्यावर चढतं, वाशावरून कडेला जातं, कौल सरकवतं आणि पाच मिनिटांत छपरावर. म्हणून माजघर किंवा ओटी नको. मागून बांधलेली स्लॅबची खोली असेल तर ती घ्या, नाहीतर फळ्यांचा सलग माळा असलेली. उरलेल्या फटींना एक इंची वेल्डमेश जाळी स्क्रूनं बसवा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी नखांपुढे टिकत नाही. न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचपट्ट्या हातानं हलवून बघा, एखादी निघतेच. दाराखाली उंबऱ्यापाशी चार बोटांहून जास्त फट असेल तर फळी ठोका. अंधार करून आत उभे राहा, जिथून उजेड येतो ती जागा तपासा.

पोहोचल्यावर दोघांना थेट त्या खोलीत न्या, दार लावा, मगच केबल टाय कापा. कॅरियर उघडे तिथेच राहू देत. ट्रे एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला. घरून त्यांचंच वापरलेलं लिटर मूठभर आणून नव्यात मिसळा. दोन मांजरांना तीन ट्रे हवेत, या खोलीत दोन, तिसरा नंतर घरात. बेंटोनाइट लिटर महिन्याला वीस किलो धरा आणि पुण्याहूनच न्या. खाऱ्या हवेत उघडी पिशवी दमट होते, झाकणाच्या डब्यात ठेवा. समुद्रावरची वाळू आणायचा मोह होईल, ती नको. गोळा धरत नाही, आणि पंजे चाटताना मीठ पोटात जातं. घाण विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. किमान तीन दिवस त्या एकाच खोलीत. सोनी पलंगाखालून निघणार नाही, निघावी म्हणून ओढू नका. खाणं एक दिवस कमी झालं तर चालेल. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराचं यकृत चटकन बिघडतं.

वाडीत मोकळं सोडण्याविषयी आमचं उत्तर सरळ नाही असं आहे. गावातली मांजरं फिरतात खरी, पण ती तिथे जन्मलेली असतात आणि त्यातली फार थोडी म्हातारी होतात. तुमच्या दोघांना कुत्रा कुठून येतो, कोणत्या विहिरीला कठडा नाही, काही माहीत नाही. गडग्यातल्या जांभ्या दगडांच्या सापटीत फुरसं असतं, विंचू असतात. रात्री बिबट्या घराच्या पाठीमागपर्यंत येतो. आणि शहरात कोणाच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट म्हणजे आंब्याची फवारणी. तुम्ही जाल तेव्हा पालवी-मोहोराचे दिवस असतील. तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं कलमांवर मारली जातात. ही त्याच कुळातली, ज्यातलं पर्मेथ्रिन. ओल्या गवतातून चालून आलेलं मांजर पाय चाटतं आणि काही तासांत थरथर, लाळ, झटके सुरू होतात. तसं झालं तर कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवानं अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच गाडी काढा. शेजारच्या बागेत कधी फवारणार ते विचारा, त्या दिवशी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा.

बाहेरची हवा द्यायचीच असेल तर आठवड्यानंतर, ओटीवर, सकाळी, छाती-पोटाला बांधायच्या हार्नेसमध्ये. हार्नेसची सवयही पुण्यातच लावा. मांजर मागे सरकत अंग आखडून त्यातून निसटतं, म्हणून पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकाच सैल ठेवा. समुद्रावर मात्र नेऊ नका. मांजराला त्यात काही मजा नाही, तुमच्या फोटोंना असेल. शिवाय किनाऱ्यावर गळ आणि नायलॉनचे दोरे पडलेले असतात, आणि रापणीतून फेकून दिलेला केंड मासा जीवघेणा विषारी असतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

माशांचे लाड होणारच. उकडलेला, काटे काढलेला, बिनमिठाचा दोन चमचे मासा आठवड्यातून दोनदा चालेल. कच्च्या तारल्या, बांगडे नको, सुकट आणि सुके बोंबील खारट म्हणून नको. रोजचं खाणं पुण्याचंच, महिनाभराचं सोबत.

निसटलंच तर पहिल्या तासात हाका मारत गावभर धावू नका. घरात वाढलेलं मांजर बहुधा लांब जात नाही, जवळच्या पहिल्या आडोशात दबून गप्प बसतं, मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. गोठा, लाकडांचा ढीग, पेंढ्याची उडवी, मोरीखाली बॅटरी मारून डोळ्यांची चमक शोधा, रात्री अकरानंतर पुन्हा. ज्या दारातून गेलं ते किलकिलं ठेवा, बाहेर त्याचा कॅरियर आणि तुमचा न धुतलेला कपडा ठेवा, आणि शेजाऱ्यांना त्यांचे कुत्रे बांधायला सांगा.

परतीची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. बॅगा बाहेर काढायच्या आधी दोघांना त्या खोलीत घेऊन दार लावा. बॅग दिसली की सोनी माळ्यावर जाईल आणि तुम्ही पहाटे पाचऐवजी भर दुपारी कुंभार्ली चढत असाल.